काळबांडे सरांची खुर्ची

काळबांडे सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आरशासमोर त्यांचीच नक्कल करत होतो. भुवई वर, ओठ वाकडा... आणि कानात आमच्या विद्यार्थिनीचा, सरिताचा आवाज, "सर, काळबांडे सर गेले." जाता जाताही या माणसाने माझा प्रयोग बंद पाडला!

या गृहस्थांना मी आवडत नव्हतो आणि मला ते. महिना उलटला, माझं मत बदललेलं नाही. ते यवतमाळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे, मी हौशी नाटकं बसवतो. पदव्युत्तर वर्गाच्या पोरापोरींना हवामानबदलावर गावोगाव बोलायला तयार करायचं, म्हणून प्राचार्यांनी आम्हाला एका खोलीत कोंडलं. मी आवाज, हात, नजर शिकवायचो. सर शेवटच्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसायचे. तिच्या पायांची रबरी बुचं त्यांनी मुद्दाम काढून टाकली होती. भाषण कंटाळवाणं झालं की खुर्ची दाराकडे सरकायची... कर्रर्र! ती दाराबाहेर गेली की भाषण संपलं. बोलणाऱ्याला नियम एकच : आवाज झाला की थांबायचं आणि उठणाऱ्यालाच काहीतरी विचारायचं.

सरिताचं भाषण वणीला होतं, कोळशाच्या ट्रकवाल्यांपुढे. त्यांत तिचे वडीलही. त्यांनी आधीच बजावलं होतं, "माह्या रोजीवर बोलशील त घरी येऊ नको." मी तिला जबरदस्त सुरुवात बसवून दिली. दोन्ही हात आभाळाकडे, "धरित्री होरपळते आहे!" माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मागे कर्रर्र...

"साहेब, हे भाषण हाय का दंडार?" दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं, सोंगांचं लोकनाट्य.

"लोकांच्या काळजाला हात घालावा लागतो, काळबांडे सर."

"अन् बापच उठून गेला त? तुमचे हात खिशात ठेवा, पोरीले बोलू द्या."

वणीला सरिताच्या तोंडून 'कोळसा' शब्द निघाला आणि पहिली खुर्ची सरकली ती तिच्या बापाची. पोरगी थांबली. माझी धरित्री राहिली बाजूलाच. "बाबा, जायच्या आधी एवढंच सांगा... मे महिन्यात दुपारी केबिनमध्ये बसवते का तुम्हाला?"

तो दारात थबकला. "कायचं बसवते! गाडीखाली जाऊन निजतो."

"अन् खालून डांबर भाजते!" कोणीतरी ओरडलं. हॉल हसला. मग जो तो आपापली होरपळ सांगू लागला आणि ती त्यातूनच पुढे बोलत गेली. बाप परत येऊन बसला. कार्यक्रम संपल्यावर तिला घरी घेऊन गेला.

मी काळबांडेंकडे पाहिलं. भुवई वर, ओठ वाकडा. परतीच्या एस.टी.त आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

शोकसभेत मलाच बोलायला लावलं. मी खर्जात सूर लावला, "आज ज्ञानाचा सूर्य मावळला..."

कर्रर्र!

अंगावर काटा आला. शेवटच्या रांगेत, त्याच खुर्चीवर सरिता. नियम म्हणजे नियम. मी थांबलो. "काय झालं गं?"

"दंडार होऊन राह्यली, सर."

शोकसभेत हशा! मी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणालो, "हा माणूस मला अजिबात आवडत नव्हता." पुढे बराच वेळ बोललो. त्यांचं ते कुत्सित खोकणं, माझ्या प्रत्येक नाटकाला येऊन पहिल्या अंकातच झोपणं... सगळं. मधूनमधून माझी नजर मागे जात होती.

खुर्ची जागची हलली नाही.