धनुर्वाताच्या वॉर्डातले मेल्लगे डॉक्टर

आमचे डॉक्टर कुजबुजत बोलत. वॉर्डात तर बोलतच, पण बसवनगुडीच्या बाजारात वांगी ताजी आहेत का हे विचारतानाही त्यांचा आवाज वर चढत नसे. भाजीवाली कान पुढे करी आणि बिचारी स्वतःही कुजबुजत उत्तर देई. कन्नडमध्ये 'मेल्लगे' म्हणजे हळू. हा शब्द सदा त्यांच्या तोंडी, म्हणून सगळं इस्पितळ त्यांना मेल्लगे डॉक्टर म्हणे.

त्याला कारण होतं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी बेळगावहून बेंगळूरला नर्स म्हणून आले, ती थेट त्यांच्या धनुर्वाताच्या वॉर्डात. या रोगात नुसतं भांडं पडलं तरी रोग्याला झटका येतो, अंग कमानीसारखं वाकतं. म्हणून खिडक्यांना जाड हिरवे पडदे आणि आम्ही सगळे अनवाणी. बाहेर नीलमोहोर फुललेला असे. आत मात्र विहिरीच्या तळाशी असावा तसा उजेड. त्या उजेडातून डॉक्टर खाटेखाटेशी तरंगत जात. मला ते दिवस अजून स्वप्नासारखे आठवतात, आणि त्या स्वप्नात माणसं मरत होती हेही आठवतं.

मरणं कमी कशी होतील, हा एकच ध्यास डॉक्टरांना होता. धनुर्वाताचं विष मारणारं सीरम जेवढं जास्त टोचावं तेवढा रोगी वाचण्याचा संभव जास्त, असं सगळे धरून चालले होते. पण सीरम तुटपुंजं, खेड्यांतल्या दवाखान्यांना ते मिळतच नसे. लहान डोस पुरतो का, हे डॉक्टरांना पडताळायचं होतं. कपाटात बंद पाकिटांची चळत होती. नवा रोगी आला की वरचं पाकीट फोडायचं. आत 'मोठा' किंवा 'लहान' लिहिलेलं असे, तोच डोस द्यायचा. कोणी निवडायचं नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही. "आपला हात मायेकडे वळतो, अक्का," ते म्हणत. धाकट्या नर्सलाही ते अक्काच म्हणत. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

मग एका सकाळी गौरम्माला आणलं. इस्पितळाच्या फाटकाशी ती मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं विकायची, रोज माझ्या वेणीत स्वतःच्या हातानं गजरा माळायची. पायात खिळा गेला होता, दातखीळ बसली होती. मी पाकीट फोडलं. लहान. ते पाकीट मी डिंकानं पुन्हा चिकटवून ठेवलं आणि त्याखालचं फोडलं. मोठा.

गौरम्मा वाचली. चिकटवलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी आलेल्या एका तरुण शिंप्याच्या वाट्याला गेलं, आणि तो पाचव्या दिवशी गेला. मी पाकिटाला हात लावला नसता, तर मोठा डोस त्याचा होता.

तीन महिने मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. शिंपी माझ्यामुळे गेला का, एवढंच मी विचारलं.

"ठाऊक नाही, अक्का. ठाऊक नाही, म्हणूनच तर ही पाकिटं."

त्यांनी दोघांचीही नावं अभ्यासातून वगळली, आणि का वगळली तेही लिहून ठेवलं. माझं नाव कुठं घातलं नाही. मग किल्ली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सरी, ठीक आहे, कामाला लागा." मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर दोन वर्षं मी एकेक पाकीट देवाचं नाव घेऊन फोडलं.

अभ्यास संपला त्या रविवारी डॉक्टर भर दुपारी छत्री घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आले. निकाल त्यांनी वरिष्ठांनाही अजून कळवला नव्हता. मोठ्या डोसानं माणसं जास्त वाचली नव्हती. लहान पुरत होता. आता सीरम खेडोपाडी पोचणार होतं. माणसानं आनंदानं नाचावं असा तो दिवस. ते उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"अक्का, तो शिंपी तुमच्यामुळे गेला नाही."

मी पदरात तोंड लपवून रडले. माझं रडणं थांबेपर्यंत ते थांबले.

"आणि गौरम्माही तुमच्यामुळे वाचली नाही. हेही ऐकून ठेवा."

पहिलं मी त्याच दुपारी मानलं. दुसरं मानायला मला पुष्कळ वर्षं लागली. तोवर डॉक्टर गेले होते.