डायनामो बंद ठेवला त्या मंगळवारी

लढाईच्या काळात माझे यजमान पलटणीबरोबर सिंगापूरला गेले. पुढं पलटण जपान्यांच्या कैदेत सापडली आणि पत्रं थांबली. कोण जिवंत आहे, हे कळायचा रस्ता एकच होता. जिवंत कैद्यांची यादी दर मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर पहिल्यापासून वाचत.

कळंबात आमच्या ओळखीत रेडिओ एकाच घरी, आडतवाल्या अप्पांकडे, तोही बॅटरीवरचा. त्यांच्या भिंतीला लागूनच कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. दिवेलागणीला तिथला दिव्यांचा डायनामो सुरू झाला, की रेडिओत नुसती खरखर. डायनामोत ठिणग्या उडतात, त्याचा हा त्रास, असं अप्पा सांगायचे. त्यांनी रेडिओची तार माळवदाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन पाहिली. फरक पडला नाही.

"नाव कोणतं ऐकायचं, पोरी?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. नवऱ्याचं नाव मी तोवर तोंडानं घेतलं नव्हतं. त्या आवाजात दोनदा ओरडून सांगावं लागलं.

सासूबाई सोबत असायच्या. परतताना म्हणायच्या, "आज व्हतं बघ त्याचं नाव. खरखरीत गेलं."

"तुम्ही ऐकलं, आत्याबाई?"

"ऐकू कसं येईल? पर व्हतंच."

घरी येऊन त्या पोटभर जेवायच्या. मला मात्र असं लोंबकळत राहणं जमेना. शेवटी अप्पांना घेऊन मी जिनिंगच्या मुनिमाकडं गेले.

"बंद ठेवून कसं चालंल? गाड्या खोळंबल्यात," तो म्हणाला.

"निम्म्या गाड्या माझ्याच हाईत," अप्पा म्हणाले. "माझ्या कापसाला घाई न्हाय. तुलाच लई घाई दिसती."

मुनीम हसला आणि कबूल झाला.

त्या मंगळवारी डायनामो थांबला. वाचणारा जणू खोलीतच बसला होता. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. आमच्या शेजारच्या वाशीकडचा एक जण निघाला. एकही अक्षर चुकलं नाही. यादी संपली. आमचं नाव नव्हतं.

अप्पांनी रेडिओ बंद केला. माझ्याकडं पाहिलं नाही.

"तुला कुणी सांगितलं व्हतं गं ते बंद करायला?" सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना दंडाला धरून घरी आणलं. चूल पेटवली, भाकरी थापल्या. त्यांनी ताट सरकवलं. मी जेवले. सकाळी कापूस वेचायला जायचं होतं.