ग्रीस लावलेली सायकल

“तिथं रस्त्याला गाड्याच नसतात,” हे वाक्य मी घरात बोलायलाच नको होतं.

कॉलेजच्या निसर्ग मंडळानं सायकल सहल काढली होती. शिरूरहून पश्चिमेला, डोंगरातल्या एका अभयारण्यात जायचं आणि तिथल्या जंगलवाटेवर दिवसभर सायकल चालवायची. ती वाट मोटारींना बंद आहे. मोटारसायकलसुद्धा आत सोडत नाहीत. मला वाटलं, घरी सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. आमच्या कवठे येमाईच्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांना वाट देणं. मागून हॉर्न वाजला की कडेच्या मुरमात उतरायचं, ट्रॉली गेली की डोळ्यांतला कचरा काढायचा आणि पुन्हा डांबरावर चढायचं. एकदा तरी असं न उतरता सलग सायकल चालवावी, डोंगर चढावा आणि पलीकडचा उतार एका दमात उतरावा, एवढंच मला हवं होतं.

आई म्हणाली, “गाड्या न्हाईत म्हंजी माणसं न्हाईत. माणूस न्हाई तिथं पोरीनं काय करायचं?”

“आई, म्हणूनच तर तिथं धोका नाही.”

“हायवेला पडलीस तर धा जण गोळा व्हत्याल. तिथं कोण येणार उचलायला, वांदरं?”

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे तिथल्या कुठल्याही गोष्टीला मला साक्षीदार मिळत नाही. मी सांगते ते खरं मानायचं किंवा नाही मानायचं, आणि घरचे दर वेळी निम्मंच मानतात. शेवटी मंडळाच्या सरांनी फोन केला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, तयार झाले. अट एकच: ते स्वतः मला शेजारच्यांच्या पिकअपमधून जंगलाच्या गेटपर्यंत सोडणार आणि घेऊनही येणार. मी हो म्हटलं. गेटच्या आत तर मी एकटीच असणार होते.

सरावासाठी सरांनी जिमखान्यातली गिअरची सायकल आधीच घरी न्यायला दिली होती. इथंच घोळ झाला. आमच्याकडे उसनी आणलेली वस्तू आहे तशी माघारी देत नाहीत. पातेलं आणलं तर त्यात मूठभर काहीतरी घालून द्यायचं, पेरणीची पाभर आणली तर तिचे फण घासूनपुसून द्यायचे. सायकल कॉलेजची, म्हणजे अण्णांच्या दृष्टीनं फारच मोठ्या घरची वस्तू. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आत पिशवी भरत होते, तेव्हा त्यांनी अंगणात सायकल धुतली, पुसली आणि ट्रॅक्टरचा ग्रीसचा डबा काढला. जे जे फिरतं त्याला ग्रीस. चाकाच्या मध्याजवळ ब्रेकची एक पातळ चकती असते. तीही फिरते, आणि बिचारी अगदी कोरडी होती. अण्णांना कोरडं बघवत नाही.

सकाळी पिकअपमध्ये चढवताना सायकल इतकी चकाकत होती की मला उलट बरं वाटलं.

गेटवर सर प्रत्येकाचे ब्रेक तपासत होते. माझ्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून त्यांनी ती पुढं ढकलली. ती गेली. पुन्हा दाबून ढकलली. आणखी सहज गेली.

अण्णा पुढं झाले. “वंगण घालून आणलीया, सर. आता बघा, लोण्यावानी पळंल.”

“पळेल हो,” सर म्हणाले, “थांबणार कशी?”

मागून कुणीतरी म्हणालं, “पुढं नांगर बांधा, थांबंल.” सगळे हसले. अण्णाही हसले, कारण सगळे हसत होते. मला मात्र पिकअपखाली जाऊन बसावंसं वाटलं.

मग सुरू झाली अण्णांची खटपट. त्यांनी चौकीतल्या वनरक्षकाकडून राख मागून आणली, धुण्याची पावडर आणली आणि चकती घासायला घेतली. वनरक्षकाला विचारलं, “मामा, गाव कंचं तुमचं?” त्यांच्या गावात आमच्या आत्याच्या नणंदेचं सासर निघालं. आता घासणं राहिलं बाजूला आणि पाहुणेपण सुरू झालं. बाकीचे हेल्मेट घालून उन्हात उभे.

“अण्णा, आवरा ना!”

“आगं, वळखीचं निघालं मानूस. इसरून कसं चालंल?”

चकती स्वच्छ झाली, पण तिला दाबून धरणाऱ्या पॅडनी ग्रीस पिऊन घेतलं होतं. सरांनी पुन्हा ढकलून पाहिलं आणि मान हलवली. पॅड बदलल्याशिवाय उपयोग नव्हता, आणि ते शिरूरशिवाय मिळणार नव्हते. “चढाला सायकल चालव,” ते मला म्हणाले, “उताराला मात्र उतरून चालायचं. पण तू मागं राहशील, आणि जंगलात एकटीला सोडता येणार नाही.”

मी पायाकडं बघत उभी राहिले. पुढचं वाक्य कोण बोलणार हे मला माहीत होतं.

“मी हाय की!” अण्णा म्हणाले.

त्यांनी तिकीट काढलं, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि चपला घालून माझ्यासोबत जंगलात शिरले.

वाट खरोखर सरांनी सांगितली तशीच होती. तांबडी, रुंद, दोन्हीकडून झाडं झुकलेली, आणि गाडीचा आवाज अजिबात नाही. तो ऐकू आला नाही, कारण गाडी नव्हती. बाकीचं काही ऐकू आलं नाही, कारण अण्णा होते. चढ असा की सर्वांत हलका गिअर लावूनही माझा वेग चालत्या माणसाएवढाच. त्यामुळे ते अगदी शेजारून, आरामात गप्पा मारत येत होते. हे वाळलेलं झाड असंच का पडू दिलंय. एवढ्या मोठ्या रानात एक विहीर नाही. घरी पाण्याची मोटार कुणी बंद केली का, हे फोन करून विचारायचं, तर रेंज नाही. म्हणून तेही मलाच विचारलं.

मध्येच सायकल एकदम हलकी झाली. वळून पाहिलं तर त्यांचा हात सीटच्या मागे.

“अण्णा, हात काढा!”

“दमलीस तू.”

“दमू द्या!”

त्यांनी हात काढला. पुढच्या वळणावर पुन्हा लावला.

खिंडीत पोचलो तेव्हा बाकीची मुलं थांबली होती. आम्ही आलो तशी ती निघाली. एकेक जण वळणावर झुकायचा आणि दिसेनासा व्हायचा. चाकांची नुसती सळसळ येत होती, मग तीही थांबली. मी सायकल हातात धरून उताराला लागले. धरलेली सायकल उतारावर सारखी पुढं ओढते, ती मागं खेचत चालायचं. जंगलात मोकळ्या, रिकाम्या उतारावर मी माझी सायकल अडवत चालले होते.

माझ्या तोंडून शेवटी निघालंच. “हात लावायच्या आधी एकदा विचारायचं तरी!”

“कुणाला?”

“मला!”

अण्णांनी वाटेतला एक धोंडा पायानं कडेला सारला. “इचारलं असतं, तर तुला ठाव व्हतं व्हय?”

मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट वाढलाच.

तळाशी ओढ्याच्या कडेनं वाट सपाट होते आणि वळसा घेऊन पुन्हा त्याच गेटपाशी येते. तिथं सर आमची वाट पाहत थांबले होते. म्हणाले, “इथून गेटपर्यंत बसून जा. हळू. थांबायचं झालं तर पाय टेक.” मी बसले. वाट सपाट आणि गेट जवळ, त्यामुळे ते फार थोडं होतं. पण त्या थोड्यात मला कुणासाठी कडेला उतरावं लागलं नाही. मी मागं वळूनही पाहिलं नाही.

अण्णा चालत गेटवर पोचले तेव्हा माझा डबा खाऊन झाला होता. ते सरांपाशी जाऊन उभे राहिले आणि शाळेत आपलं काय चुकलं ते विचारायला आलेल्या पोरासारखे म्हणाले, “मग त्या चकतीला लावायचं काय असतंय, सर?”

“काही नाही.”

“कायच न्हाई?”

“कोरडीच ठेवायची.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. हे खरं का, असं ते मला विचारत होते.

“कोरडीच,” मी म्हणाले. “आणि पुसायची झाली तर मी पुसणार. तुम्ही हात लावायचा नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

नवे पॅड बसले की पुढच्या सहलीला ये, असं सरांनी सांगितलं आहे. घरी यावेळी कुणी काही हरकत घेतली नाही. उलट अण्णांनी गावात बऱ्याच जणांना सांगून ठेवलंय, की वाट चांगली आहे, स्वतः चालून बघितलीय, आणि पुढच्या वेळी पायात बूट घालून जाणार आहोत.

जाणार आहोत. मी त्यांना अजून काही बोलले नाही. पण बोलावं लागणार आहे.