कोहळ्यावरची अक्षरं

हिंगणघाटच्या बाजारात वडनेरची एक बाई कोहळी विकायला बसायची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती नुकतीच लिहायला शिकली होती. कोहळी वेलावर कोवळी असतानाच ती बाभळीच्या काट्यानं त्यांच्यावर मनातलं कोरायची. कोहळं फुगेल तशी अक्षरंही फुगायची. बाजारात येईपर्यंत ‘नवरा घोरते’ हे चांगलं वीतभर झालेलं असायचं!

मी नवी सून. पदर तोंडाशी धरूनही हसू आवरेना.

“मावशी, हे काऊन लिहिता?”

“मनात ठेवलं तं ते मले खाते, पोरी. कोहळ्यावर लिवलं तं लोकं त्याले खातेत!”

आम्ही दोघी भर बाजारात खिदळलो. ‘सासू टोमणे मारते’ मी विकत घेतलं. घरी पोचताच आधी साल काढली. माझ्या सासूबाईंनी भाजी दोनदा मागून घेतली!

दिवाळीनंतर बाजारात मावशीच्या मांडीवर एक भलंथोरलं कोहळं दिसलं. त्यावर फक्त ‘मी’ लिहिलेलं. मी हात लावताच तिनं ते झटकन पदराखाली घेतलं.

“हे इकाचं नाई,” ती हसत म्हणाली. “साऱ्या वाडीतले कोहळे लिवून काढले, तवा कुठी हे सापडलं.”