झाकणवाली विल्मा

आमच्या टोलेडोत अशी वदंता आहे की विल्मा स्टेग्नरने गोदामाच्या मॅनेजरला, ड्वेनला, सफरचंदाचा केक खिलवून वश केलं, म्हणून तो तिच्यासाठी सुट्टी झाकणं जपून ठेवायचा. साफ खोटं. एक तर विल्माला केक येत नाही. एकदा केला होता, तो तिच्या कुत्र्याने अंगणात पुरला. आणि ड्वेन ती झाकणं विल्मासाठी जपत नव्हताच. स्वतःच्या आईसाठी जपत होता.

जुन्या वस्तूंच्या दुकानांत जे खपत नाही ते आमच्या गोदामात येतं आणि वजनावर विकलं जातं. आम्ही ते उपसतो, घरी नेऊन घासतो, फोटो काढतो आणि ऑनलाइन विकतो. मालाचे नवे गाडे आले की सगळ्यांनी पिवळ्या रेघेमागे, हात पाठीशी. ड्वेनची शिट्टी होईपर्यंत नजरसुद्धा जपून टाकायची, कारण तुम्ही कुठे बघता तेच शेजारी बघत असतो.

शिट्टी झाली की मी जुन्या टी-शर्टांवर झेपावते, बाकीचे बुटांवर. विल्मा तेवढी निवांत झाकणं वेचते. टीपॉटची, मिक्सरची, काचेच्या भांड्यांची. कोणी विचारलं की नाकातून गुणगुणत म्हणते, "बागेत टांगते गं. वाऱ्यावर गोड वाजतात."

कसली बाग! माझ्या आत्याने ऑनलाइन मिक्सरचं झाकण मागवलं, तर पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता विल्माचा. भांडं शाबूत आणि झाकण फुटलेलं, अशी माणसं देशभर बसलीत, आणि झाकणासाठी म्हणाल ती किंमत मोजतात. काचेच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून विल्माच्या घराची ऊब आणि कुत्र्याची औषधं यावरच चालली होती. मी तोंड शिवलं.

आणि नोव्हेंबरात ड्वेन रेघेपुढे उभा राहिला. तो विमानतळावरच्या घोषणेसारखा बोलतो.

"मंडळी. सूचना. सुट्टी झाकणं. फुटतात. हात कापतात. सोमवारपासून. थेट कचऱ्यात."

मी विल्माकडे पाहिलं. गुणगुणणं थांबलं होतं. आता हिने "नको" म्हटलं, तर पंचवीस जण विचारणार, का बाई? आणि मग पंचवीस जण झाकणंच वेचणार.

"गेली तुझी झाकणं," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"सोमवारी गाड्यात असतील."

"कारण न सांगता?"

"एक अक्षर न सांगता. लाव पैज. मी हरले तर रेघेवरची माझी पहिली जागा तुझी. तू हरलीस तर... सगळ्यांच्या नकला करतेस ना भवाने? सगळ्यांसमोर स्वतःची करायची."

मी लगेच हात पुढे केला. ती जागा मला दोन वर्षं हवी होती.

शनिवारी गोदामात थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं, ज्याने-त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा. ड्वेनने आईच्या हातचं फरसबीचं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली भाजी, आणलं. नारिंगी फुलांचं जुनं काचेचं भांडं, वर चुरगळलेला फॉइलचा कागद. सगळे कॅसरोलकडे बघत होते. विल्मा फॉइलकडे.

"झाकण काय केलंस रे, ड्वेन?"

"फुटलं. लहानपणी. माझ्याच हातून." ड्वेन पहिल्यांदाच सलग बोलला. "आई दर थँक्सगिव्हिंगला फॉइल लावते आणि माझ्याकडे बघते."

"मग ऑनलाइन बघ की," मी मुद्दाम म्हटलं. विल्माने माझा पाय चेचला.

"ऑनलाइन? नुसतं झाकण कोण विकतं!" ड्वेन म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने विल्मा. मग डोळे पुसत म्हणाली, "असलं काही मिळालं तर गाड्यातच मिळायचं बाबा. पण सोमवारपासून तू ती फेकणार ना? जाऊ दे. फरसबी वाढ."

सोमवारी आम्ही रेघेमागे उभे होतो आणि रेघेपलीकडे ड्वेन एकटा, काखेत आईचं भांडं, एकेक झाकण बसवून बघत होता.

"मंडळी. ती सूचना. रद्द."

बाहेर आल्यावर मी विल्माला म्हटलं, "आणि उद्याच सापडलं तर? परवा पुन्हा कचऱ्यात!"

ती मला आपल्या गॅरेजात घेऊन गेली. वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, नारिंगी फुलांचं झाकण.

"उद्या कसं सापडेल? मदर्स डेला सापडेल. तोवर त्याला सवय लागेल."

लागली की! सगळा हिवाळा ड्वेन सुट्टी झाकणं कागदात गुंडाळून वेगळ्या गाड्यात आणायचा, फुटू नयेत म्हणून. मे महिन्यात, मदर्स डेच्या आदल्या दिवशी, तो गाडा रेघेजवळून आत ढकलला जात असताना विल्माने गर्दीत ते झाकण त्यात सोडलं. ड्वेनला ते रेघेजवळून दिसलं आणि स्वतःची शिट्टी व्हायच्या आत त्याने उडी मारली. "आई!" एवढंच ओरडला. आम्ही पंचवीस जण मागून ओरडलो, "ड्वेन! हात पाठीशी!"

झाकणांचा वेगळा गाडा अजून येतो. विल्मा म्हणते, लिही बिनधास्त, कोणाला खरं वाटणार नाही.

त्या दिवशी एवढ्या आनंदातही तिला माझी पैज आठवली. मी रेघेवर उभी राहिले, मान वाकडी केली, खांदे उडवले, "ए, तो शर्ट मी आधी बघितला" म्हटलं. कोणी हसेना.

"छे, असं नाही," म्हणत विल्मा पुढे आली. नाक वर, हनुवटी पुढे, नेम धरलेल्या मांजरासारखी अंग आवळून, माझ्याच किनऱ्या आवाजात: "गेली तुझी झाकणं!"

ड्वेन हसता हसता झाकणासकट खाली बसला.