टेस्ट डिस्क वाकली तेव्हा

पुण्यात डिप्लोमा करून मी गुडगावच्या एका कारखान्यात लागले. तिथे कॉम्प्युटरमध्ये बसवायच्या सीडी ड्राइव्ह तयार होत. राहायला दिल्लीत मुनिरकात खोली, सकाळी कंपनीची बस. वाटेत सरसोंची शेतं आणि त्यांतूनच वर आलेले टॉवरांचे सांगाडे. माझं टेबल ताईंच्या शेजारी होतं. पन्नाशीच्या, दिल्लीतच जन्मलेल्या मराठी बाई. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत.

काम ऐकायला सोपं. ड्राइव्हमध्ये टेस्ट डिस्क घालायची. तिच्यावरून परतणाऱ्या लेझरचा सिग्नल ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसे. हिरव्या लाटा एकमेकींत गुंतून मधे चौकोन उमटत. लेझरचं भिंग जरा जरी कललं असलं की चौकोन धूसर. मग एक बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, आणि चौकोन स्वच्छ झाले की स्क्रू हलू नये म्हणून त्यावर लाखेचा ठिपका.

"शंकरपाळे बघ," ताई म्हणायच्या. "कडा बिल्कुल साफ पाहिजेत. मधे पीठ सांडल्यासारखं दिसलं, की ही वाचताना अडखळणार."

मला ज्याला दहा मिनिटं लागत, ते त्या मिनिटभरात करत. तेही गप्पा मारत.

मे महिन्यात ड्राइव्ह परत यायला लागल्या. डिस्क वाचत नाहीत, अशी तक्रार. मॅनेजर म्हणाले, "लेझर का लॉट खराब है. सप्लायर को लिखो."

परत आलेली एक ड्राइव्ह घेऊन ताईंनी तिच्यात टेस्ट डिस्क घातली. चौकोन सुरेख! मग बाजारातली साधी सीडी घातली. सगळं धूसर. त्यांनी कपाटातून दुसरी, सीलबंद टेस्ट डिस्क काढली. तिच्यावरही धूसरच.

त्यांनी आमची रोजची डिस्क काचेवर आडवी ठेवली. एका बाजूने कड उचललेली होती. म्हणजे वाकड्या डिस्कला जुळतील अशा ड्राइव्ह आम्ही बनवत होतो.

रोज जेवायला जाताना मी ती डिस्क ऑसिलोस्कोपच्या वरच्या तापलेल्या जाळीवर तिरकी ठेवून जात होते.

मी तोंड उघडायच्या आत ताई मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या होत्या. दार उघडंच होतं. "सर, लेझर ठीक हैं. हमारी टेस्ट डिस्क मुड़ गई है. चेक करना मेरा काम था, मैंने नहीं किया. गोदाम का सारा माल दुबारा सेट करना पड़ेगा."

त्या बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ताई, ती मी ठेवत होते स्कोपवर."

"माहीत आहे. पाहिलं होतं मी एकदा. तेव्हाच बोलायला हवं होतं."

मग मीही आत जाऊन सांगितलं. मॅनेजर चिडले, बरंच बोलले. ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हो गया सर? अब हमें काम करने दीजिए."

गोदामातल्या पेट्या पाच दिवस उघडत होतो. लाख खरवडायची, नवी डिस्क घालायची, पुन्हा स्क्रू. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपली खुर्ची मागे ओढली आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "चलो, आता तू लाव. मी नुसतं बघते."

पहिल्या तीन ड्राइव्ह त्यांनी मला पुन्हा करायला लावल्या. चौथीला लाखेची बाटली पुढे सरकवली. तेवढा आनंद मला डिप्लोम्याच्या निकालानेही झाला नव्हता.