उभ्या गाडीचा खर्च

नांदेडला आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जुनी मिनीबस घेतली आणि आत पलंग, शेगडी, संडास बसवून तिचं फिरतं घर केलं. देशभर हिंडायचं होतं. पण विमा, टॅक्स, टायर आणि बॅटरीतच पेन्शन संपायची, डिझेलला काही उरायचं नाही. मग ते उभ्या गाडीतच बसायचे. कुणी विचारलं, "चाचा, निघाले का?" तर न हसता सांगायचे, "हाव, निघूनच राहिलो."

यंदा लातूरला माझ्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे कळल्यावर चाचा टाकी भरून थेट लातूरला आले. वडिलांना पलंगावर निजवून त्यांनी सावकाश नांदेडला आणलं.

मी डिझेलचे पैसे काढले, तर म्हणाले, "ठेव बेटा. उभी राहून बी लई खाती ही. आज माणसाला घेऊन तर आली."

जिना चढता येईपर्यंत वडील त्याच गाडीत राहिले. तोवर चाचा रोज स्वतःच्याच गाडीचं दार वाजवून बाहेर थांबायचे आणि विचारायचे, "येऊ का आत?"